चीताची शेपटी

शेपटीपासूनच सुरुवात करते, कारण हेलिकॉप्टरच्या मॉडेलला लागलेल्या चार महिन्यांतले जवळजवळ दोन महिने हिनेच घेतले.

मे महिन्यात चीता हेलिकॉप्टरचं १:४८ चं (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं) मॉडेल करायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं फार तर दीड महिना, कारण पार्ट तसे थोडेच, आणि याच्याआधी मी मिग-२१ केलंय, नॅट केलंय, जग्वार केलंय, त्यामानानं हे अगदीच छोटं. पण विमानाचं कसं असतं, दोन अर्धे भाग चिकटवायचे, सांधा घासायचा, पुट्टी भरायची, परत घासायचं, आणि रंग मारला की आत काय केलंय ते कुणाला दिसत नाही. चीताचं तसं नाहीच. पुढं काचेचा फुगा, त्याच्यातनं आतलं सगळं दिसतं, मागं इंजिन वर उघड्यावर ठेवलेलं, आणि त्याच्याही मागं नळ्यांची जाळी जोडून केलेली शेपटी, आरपार. लपवायला जागाच नाही कुठं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. चीता म्हणजे मूळचं फ्रेंच लामा, एसए ३१५बी. अलुएट २ चा सांगाडा घेतला आणि त्याच्यावर अलुएट ३ चं (म्हणजे आपलं चेतक) इंजिन आणि रोटर बसवला, असं ते यंत्र आहे. आपल्या सैन्याला हिमालयातल्या विरळ हवेत चालेल असं काहीतरी हवं होतं, त्यातनं हे तयार झालं, १९६९ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढं एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बंगळूरला बांधायला घेतलं. २१ जून १९७२ ला जाँ बुले नावाच्या फ्रेंच टेस्ट पायलटनं लामा १२,४४२ मीटरवर नेलं. एव्हरेस्टच्याही साडेतीन हजार मीटर वर! तिथं इंजिन बंद पडलं, परत चालू होईना, आणि त्यानं नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर ते खाली आणून उतरवलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी हे करायचं. आणि आपल्याकडं तर चीता म्हटलं की सियाचिन. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूतमध्ये (सियाचिन ताब्यात घ्यायची मोहीम) कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांची कुमाऊं रेजिमेंटची तुकडी बिलाफोंड ला खिंडीजवळ उतरली ती हेलिकॉप्टरमधनंच, आणि तेव्हापासून आजतागायत वरच्या चौक्यांना रॉकेल, औषधं, डाळ-तांदूळ पोचवायचं आणि आजारी जवानाला खाली आणायचं काम ही चिमुकली यंत्रं करतायत.

दुसरं कारण म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काका. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहतात, एअरफोर्समधनं रिटायर झालेत, एअरफ्रेम फिटर (सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे) होते, लेहला असताना चीतावर काम केलेलं. मला ते लहानपणापासून ओळखतात, मी शाळेत असताना जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम बघून आले आणि घरी येऊन काडेपेट्यांची गाडी केली होती, ती त्यांनीच नीट तपासून चाकं का घासतायत ते सांगितलं होतं. त्यामुळं किटचा बॉक्स आला तसा मी आधी त्यांनाच दाखवायला नेला. साचा जुना, पार्टच्या कडांना फ्लॅश (साच्याच्या फटीतनं बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक) भरपूर, मार्किंग सगळी परदेशी. काकांनी चष्मा लावला, शेपटीचा पार्ट स्प्रूसकट (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांना जोडून येतात त्यांच्यासकट) उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, एवढी जाड नसते ती."

बास, एवढंच म्हणाले. पण मग मला तेच दिसायला लागलं.

घरी येऊन वर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. प्लॅस्टिकच्या नळ्या १.४ मिमी, गुणिले ४८, म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरवर ६७ मिमीचा पाइप झाला. आमच्या गच्चीवरच्या टाकीतनं खाली येणारा पाइप साधारण तेवढा आहे! काकांकडं एक जुना फोटो आहे, त्याच्यात एक जण शेपटीच्या नळीला धरून उभा आहे आणि त्याची बोटं नळीला पूर्ण वळसा घालून अंगठ्यावर आलीत. मी माझ्या हातानं घरातल्या वेगवेगळ्या नळ्या, झाडूचा दांडा, पडद्याचा रॉड, सगळं धरून बघितलं आणि अंदाज बांधला की लांब नळ्या ०.८ मिमीच्या घ्याव्यात (म्हणजे ३८ मिमी) आणि तिरक्या काड्या ०.५ च्या. प्लॅस्टिक एवढं बारीक घासलं तर उभंच राहणार नाही. म्हणजे पितळ. म्हणजे सोल्डरिंग, वितळलेल्या धातूनं सांधे जोडायचं काम. आणि मी आयुष्यात कधी सोल्डर केलेलं नव्हतं.

आता पितळ कुठं मिळणार. बोहरी आळीत गेले, तिथं सळई आहे पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला किती किलो. दोन-तीन दुकानं फिरले, सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, एकानं तर गोदामातनं सगळ्यात बारीक ते आणून दाखवलं, पण ते ३ मिमी. शेवटी ०.८ ची सरळ काडी आर्किटेक्चरच्या पोरांचं मॉडेलचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात मिळाली, एक फुटाचे तुकडे, तिथं होते तेवढे बारा घेऊन आले. ०.५ ची काही मिळेना. रात्री जेवताना मी हेच बोलत होते तर आई उठली, आत गेली आणि कागदाच्या पुडीतनं एक वेटोळं घेऊन आली. तंबोऱ्याची खर्जाची तार, पितळी, जादाची म्हणून ठेवलेली. वर्निअर लावला, ०.५ ला केसभर जास्त. "खर्जाची आहे, वाया घालवू नकोस," म्हणाली. मी तीन वेळा शेपटी केली आणि तिनं पुढच्या दोन्ही वेळा स्वतः जाऊन तार आणून दिली.

तार वेटोळ्यातनं काढली की सरळ राहत नाही, स्प्रिंगसारखी गोल होते. हे मला नंतर कळलं ते सांगते: एक टोक शिकंजात धरायचं, दुसरं पकडीत, आणि सरळ मागं खेचायचं. जोरात हिसका नाही, संथ, अंग मागं टाकून. एका क्षणी हाताला कळतं की तार किंचित ताणली गेली, थोडीशी सैल पडल्यासारखी वाटते, तिथं थांबायचं. सोडली की अशी सरळ होते की टेबलावर ठेवून फिरवली तरी डुगडुगत नाही. हे करताना डोळ्याला चष्मा पाहिजेच, तुटलेलं टोक फटकन येतं.

पहिली शेपटी मी कडप्प्यावर केली. मागच्या वेळी ओटा केला तेव्हाचा उरलेला तुकडा होता, एकदम सपाट, मला वाटलं याच्यापेक्षा चांगला पाट मिळणार नाही. कागदावर शेपटीच्या बाजूचं ड्रॉइंग १:४८ मध्ये काढलं, कडप्प्याला चिकटवलं, त्याच्यावर काड्या टेपनं बसवल्या आणि तपकीर गल्लीतनं आणलेली २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न गरम करून लागले कामाला. सोल्डर चिकटेचना. टोकाशी वितळायचं, काडीवर गोळी होऊन बसायचं, थंड झाल्यावर करडं, रवाळ दिसायचं आणि नखानं ढकललं की सुटून यायचं. दोन संध्याकाळी मी आयर्नला, सोल्डरला, फ्लक्सला (सोल्डर नीट पसरावं म्हणून सांध्याला लावायचं रसायन) दोष देत बसले. चूक कडप्प्याची होती. दगड सगळी उष्णता ओढून घेतो, काडी तापतच नाही, आणि काडी तापली नाही तर सोल्डर तिच्यावर पसरणार कसं? काकांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "लाकडावर घे. जळेल थोडं, जळू दे."

मग प्लायवूड. फर्मा प्लायवर केला, काड्यांच्या दोन्ही बाजूंना टाचण्या ठोकून खाचा केल्या म्हणजे काडी हलणार नाही. काडी आधी बारीक पॉलिश पेपरनं घासायची, सांध्याला फ्लक्सचा टिपका, आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसून त्याच्यावर नावालाच सोल्डर घ्यायचं, आणि टोक सांध्याला टेकवून मनात एक, दोन म्हणायचं. आणि मग ते होतं, सोल्डर अचानक पाण्यासारखं होतं आणि सांध्याच्या फटीत आपोआप ओढलं जातं, चकचकीत, आणि टोक उचललं की अर्ध्या सेकंदात त्याची चमक किंचित मंद होते म्हणजे ते गोठलं. पहिला सांधा तसा बसला तेव्हा मी आईला हाक मारून बोलावलं बघायला. आमच्याकडं जुने लोक याला झाळणं म्हणतात, आजीच्या तोंडी असायचं, घागर झाळून आणली वगैरे, मला तो शब्द त्या दिवशी नीट कळला.

पण एक सांधा झाला की शेजारचा करताना पहिला सुटतो! सोल्डर १८५-१९० डिग्रीला वितळतं आणि सांधे एकमेकांपासून सेंटिमीटरभर लांब, पितळातनं उष्णता सरळ तिकडं जाते. दुसरी शेपटी अशीच गेली, एका टोकाकडून जोडत आले आणि मागं बघितलं तर मागचे चार मोकळे. याच्यावर उपाय म्हणजे झालेल्या सांध्यावर ओला कापूस ठेवायचा आणि मधल्या काडीला केसांची स्टीलची क्लिप लावायची, ती उष्णता मध्येच खाऊन टाकते. शिवाय ओळीनं करायचं नाही, एक इकडचा, एक तिकडचा, मध्ये थंड होऊ द्यायचं. माझ्याकडं आठ क्लिपा होत्या, त्या सगळ्या लावून ती शेपटी ऑपरेशनच्या टेबलावरच्या पेशंटसारखी दिसायची.

बाजू सपाट करून झाल्या की त्या उभ्या करून एकमेकींना जोडायच्या, आणि इथं पीळ पडतो. नुसतं वरनं बघून कळत नाही. शेपटी एका डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरायची आणि मागच्या टोकाकडून पुढं बघायचं, सगळ्या आडव्या काड्या एकामागं एक लपल्या पाहिजेत. माझ्या नाही लपल्या. तिसऱ्या वेळेलाही नाही लपल्या, पण आता मला कळत होतं की एखादी तिरकी काडी पाव मिलिमीटर लांब झाली की ती पुढचं सगळं ढकलते, म्हणून पूर्ण न तोडता ती एक शोधून काढली, कापली, कानशीनं टोक घासून परत बसवली. त्या भानगडीत खालच्या बाजूचा एक सांधा सुटला तो काही केल्या परत धरेना, तिथं फ्लक्स जळून काळं झालं होतं, आयर्न आत नीट पोचत नव्हती आणि जोर केला तर आजूबाजूचे तीन जातील अशी भीती. रात्रीचा एक वाजला होता. मी तिथं इन्स्टंट ग्लूचा एक थेंब सोडला, धरून ठेवलं, बसलं. खालची बाजू आहे, रंग मारल्यावर काय दिसतंय, असं म्हणून झोपले.

सगळं झाल्यावर कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशनं शेपटी घासून धुवायची, हे विसरायचं नाही, फ्लक्स राहिला तर पितळ हिरवं पडतं आणि रंग सुटतो.

आता पितळी शेपटी म्हणजे वजन. तसं वजन ते काय, प्लॅस्टिकची २ ग्रॅमच्या आसपास होती आणि ही ४ ला थोडी जास्त, पण ते २ ग्रॅम पार मागं लांबवर आहेत, आणि चीताला चाकं नाहीत, दोन स्किड आहेत. कोरडं जोडून टेबलावर ठेवलं तर नाक वर करून शेपटीवर बसलं. विमानात नाकात शिसं भरतात, पण इथं नाक म्हणजे काच. सीटखाली, फरशीखाली, एवढीच जागा. गळाला लावायचं शिसं आणलं, हातोडीनं ठोकून पापडासारखं केलं आणि केबिनच्या फरशीखाली दोन थर बसवले. (शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, आणि ते कधी घासायचं नाही, पूड होते.) मागचं सीट मी लावलंच नाही, कारण वर जाणारी चीता हलकी करायला नको ते सगळं काढून ठेवतात, आणि त्या मोकळ्या जागेत दोन जेरीकॅन बांधून ठेवले.

केबिनबद्दल फार लिहीत नाही. किटमधलं पॅनल सपाट होतं, डायल मी पोकळ सुईच्या टोकानं पातळ प्लॅस्टिकच्या चकत्या पाडून बसवले. बेल्ट मास्किंग टेपचे. सायक्लिक आणि कलेक्टिव्ह या पायलटच्या हातातल्या दोन दांड्या तारेच्या.

पण काचेबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण तिथं सगळं संपतच आलं होतं. एक पेडल सुटलं होतं म्हणून मी आत इन्स्टंट ग्लू लावला आणि वाट न बघता काच बसवून टाकली. सकाळी बघते तर काचेला आतनं पांढरी बुरशी आल्यासारखं. त्या ग्लूची वाफ बंद जागेत फिरते आणि काचेवर बसते, हे मला वाचून माहीत होतं! माहीत असून केलं. एवढा वेळ मी चांगली बसले होते, त्या सकाळी मात्र टेबलापाशी जाववेना, ऑफिसला निघून गेले. संध्याकाळी ब्लेडनं हळूहळू काच सोडवली आणि आतनं पाण्यात भिजवून २००० चा पॉलिश पेपर, मग ३०००, मग गाडीचं रबिंग कंपाऊंड मऊ कापडावर घेऊन बोटाच्या टोकानं गोल गोल. फुग्याच्या आतल्या बाजूला पोचायला करंगळीच लागते. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी क्लिअर ग्लॉसमध्ये (पारदर्शक, चकचकीत वार्निश) बुडवून, कडेनं टिशूला टेकवून जास्तीचं शोषून घेतलं आणि एका डब्याखाली झाकून ठेवलं म्हणजे धूळ बसणार नाही. दुसऱ्या दिवशी डबा उचलला तर काच आधी होती त्याच्यापेक्षा स्वच्छ. मग फेविकॉलनं बसवली. फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो, वाफ सोडत नाही, चुकलं तर ओल्या बोटानं पुसून निघतो, काचेला दुसरं काही लावूच नये.

इंजिन करायला मला सगळ्यात जास्त मजा आली आणि तिथं काहीच बिघडलं नाही. आर्टूस्ट ३बी, मूळ ताकद ८७० हॉर्सपॉवरची, पण वापरायची ५५० च्या आसपासच, आणि त्यामुळंच विरळ हवेतही त्याच्यात जीव शिल्लक राहतो. किटमध्ये ते म्हणजे एक गुळगुळीत डबा. जुन्या टेलिफोन केबलमधल्या तांब्याच्या बारीक तारा काढल्या आणि फोटो समोर ठेवून एकेक पाइप वळवून लावला, कुठला कुठून निघतो आणि कुठं जातो ते काकांना विचारत. काकांनी हातात पेन्सिल घेऊन मला इंधनाचा मार्ग काढून दाखवला, मधल्या टाकीतनं वर इंजिनापर्यंत, चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं लक्षात. मागच्या एक्झॉस्टला आधी काळा, त्याच्यावर जळकं तपकिरी, त्याच्यावर कोरड्या ब्रशनं स्टील, आणि तोंडाशी किंचित निळसर.

रोटरला एक सांगायचंय. फ्रेंच हेलिकॉप्टरचा रोटर वरनं बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, अमेरिकन बहुतेक उलटे. पात्याची जाड गोल कड पुढं हवी आणि पातळ कड मागं, म्हणजे कुठल्या दिशेला फिरतं ते माहीत नसेल तर तिन्ही पाती उलटी बसतात, आणि कितीतरी सुंदर मॉडेल मी अशी बघितलीत. शिवाय थांबलेली पाती वजनानं खाली वाकतात. वाफेवर एकेक पातं धरून, बोटानं हळू वाकवून, गार पाण्यात घातलं की तसंच राहतं. तिन्ही सारखी वाकली पाहिजेत, म्हणून पुठ्ठ्यावर एकच वक्र कापून घेतला आणि प्रत्येक पातं त्याच्याशी जुळवलं. ११ मीटरचा रोटर इथं २३ सेंटिमीटर होतो. पात्यांना जोडणाऱ्या बारीक केबल असतात, त्या गरम करून ताणलेल्या स्प्रूच्या केल्या.

रंगाच्या वेळेला जुलै आला. पुण्यातला जुलै, सकाळपासून रिपरिप, कपडे वाळेनात. प्रायमर आणि गडद ऑलिव्ह हिरवा तर कसाबसा निभावला, पण मॅट क्लिअरचा (चमक मारणारा पारदर्शक थर) हात मारला आणि बघता बघता सगळ्या हेलिकॉप्टरवर दुधाची साय आल्यासारखं झालं. लॅकरचा थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, हवेतली ओल त्याच्यावर धरते आणि आतच अडकते. मी तसंच ठेवलं, हात लावला नाही, आणि चार दिवसांनी जरा उघडीप मिळाली तेव्हा खोलीत तासभर हीटर लावून, एअरब्रशमध्ये (रंग फवारायची छोटी पिचकारी) नुसता हळू उडणारा थिनर भरून लांबून धुक्यासारखा मारला. वरचा थर परत विरघळला, ओल निघून गेली, साय गेली. त्यानंतर हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर आणलाय आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर एअरब्रश हातात घेत नाही.

वायुसेनेचं गोल चिन्ह घरच्या प्रिंटरवर डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून चित्र चिकटवायचा कागद) काढलं. बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा. प्रिंटर पांढरी शाई छापत नाही आणि बाकीची शाईही पारदर्शक असते, हिरव्यावर लावलं तर केशरी मातकट होतं, म्हणून आधी कंपासला ब्लेड लावून मास्किंग टेपमध्ये बरोबर त्याच मापाचं भोक पाडलं, पांढरा गोल मारला आणि त्याच्यावर डेकल. झेड पासून सुरू होणारा नंबर काकांनी सांगितला तोच टाकला. ज्या यंत्रावर ते सगळ्यात जास्त दिवस होते त्याचा.

बेस मी आधी बर्फाचा करणार होते, वरची चौकी. त्याच्यासाठी पांढरी रांगोळी चहाच्या गाळण्यातनं चाळूनही ठेवली होती, कारण मागच्या एका मॉडेलला खायच्या सोड्याचा बर्फ केला तो एका पावसाळ्यात ओल धरून पिवळा पडला, रांगोळी म्हणजे दगडाची पूड, तिला काही होत नाही. पण काका म्हणाले, "वर इंजिन बंद करत नाहीत गं. चालू ठेवूनच सामान टाकायचं आणि निघायचं. तिथं बंद पडलं आणि परत चालू झालं नाही तर?" म्हणजे थांबलेली, वाकलेली पाती घेऊन हेलिकॉप्टर वरच्या चौकीवर उभं दाखवणं चूकच. म्हणून बेस खालच्या तळावरचा केला, खडी, माती, आणि कोपऱ्यात सावलीला उरलेला थोडासा रांगोळीचा बर्फ.

गणपतीच्या आधी चार दिवस मी ते पूर्ण केलं आणि ट्रेमध्ये ठेवून दुसऱ्या मजल्यावर नेलं. काकूंनी चहा ठेवला. काकांनी आधी काही बघितलं नाही, टेबल लॅम्प ओढून घेतला, भिंग काढलं, आणि ट्रे फिरवून शेपटीचं मागचं टोक स्वतःकडं केलं. मग मागून पुढं एकेक सांधा. आधी वरचा, मग बाजूचा, मग मान वाकवून खालचा. हात लावत नव्हते, पेन्सिलचं टोक नुसतं जवळ नेत होते. तेव्हा ते बोलत होते थोडं थोडं, की सकाळी अंधारात टॉर्च घेऊन असंच जायचं, हातमोज्यांनी काही जाणवत नाही म्हणून डोळ्यांनीच बघायचं, आणि बघायचं काय तर रंग. धातूला तडा गेलेला आधी दिसत नाही, त्याच्यावरच्या रंगाला केसासारखी रेघ पडते ती दिसते.

अर्ध्यावर आल्यावर पेन्सिल थांबली. खालच्या बाजूला.

"इथं काय केलंयस?"

मी भिंग घेतलं. त्या ग्लूच्या सांध्यावर, रंगात, एक रेघ. मी दहा वेळा बघितलं असेल ते मॉडेल, मला कधी दिसली नव्हती. बाकीचं पितळ सोल्डरनं एकजीव झालेलं आणि हा एकच सांधा ठिसूळ, उचलताना-ठेवताना शेपटी लवत असणार आणि तिथंच रंग तडकला. मी सांगितलं काय केलं ते, रात्री एक वाजता वगैरे. काका हं म्हणाले आणि पुढचा सांधा बघायला लागले. सगळे बघून झाल्यावर इंजिन बघितलं, काच बघितली, काचेला कोरडं फडकं मारू नकोस म्हणाले, आणि मग नंबराकडं बराच वेळ बघत बसले. चहा गार झाला होता, काकूंनी दुसरा आणला.

त्या रात्री मी रोटर उतरवून ठेवला, त्या जागेचा रंग ब्लेडनं खरवडला, ग्लू काढला, आजूबाजूच्या तिन्ही सांध्यांवर ओला कापूस आणि क्लिपा लावल्या, आणि आयर्नला नवीन टोकदार बिट लावून तिरकी आत घातली. काळं झालेलं पितळ घासून चकचकीत केल्यावर सोल्डर पहिल्याच वेळी ओढलं गेलं. शेजारचा एकही सुटला नाही. वरनं हिरव्याचा छोटासा हात मारला, पण ती बाटली तोवर संपत आलेली आणि नवीन बाटलीतला हिरवा किंचित उजळ निघाला, म्हणून शेपटीच्या खालच्या बाजूला, मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा एक वेगळा हिरवा दिसतो. काकांना दाखवला. त्यांनी भिंग लावलं, पेन्सिल जवळ नेली आणि पुढच्या सांध्याकडं गेले.